कुत्रा चावण्याआधीची जबाबदारी

बंगल्याचे फाटक उघडते, कुत्रा साखळीविना रस्त्यावर येतो, समोरून येणारे मूल आईच्या मागे लपते आणि आतून आवाज येतो, ‘घाबरू नका हो, तो काही करत नाही.’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे आणि ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांपैकी बहुतेकांनी ते कधी ना कधी उच्चारलेलेही आहे. आमच्या घरी बारा वर्षे कुत्री होती आणि मीही ते म्हटलेले आहे. बोलणारा खोटे बोलत नसतो. पण त्या वाक्याचा खरा अर्थ एवढाच असतो की, या कुत्र्याने माझ्याशी, माझ्या घरात, आजपर्यंत काही केलेले नाही. परक्या, धावणाऱ्या, किंचाळणाऱ्या, तीन फूट उंचीच्या माणसाशी तो कसा वागेल, याची परीक्षा बहुधा झालेलीच नसते. ती परीक्षा एखाद्या मुलाच्या चेहऱ्यावर होऊ न देणे, हे कुत्रा पाळणाऱ्याचे काम आहे. मालकाची जबाबदारी चावा झाल्यानंतर सुरू होते, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. कुत्र्याचा स्वभाव, वैद्यकशास्त्र आणि कायदा या तिन्हींच्या दृष्टीने ती बरीच आधी सुरू होते, आणि ते कसे, हे समजून घेण्यासाठी हा लेख आहे.

आधी शरीराचा हिशेब पाहू. मोठ्या माणसाला कुत्रा चावतो, तेव्हा दात बहुधा पोटरीत, मांडीत किंवा हातात रुततात. चार वर्षांच्या मुलाचा चेहरा मात्र मोठ्या कुत्र्याच्या तोंडाच्या जवळपास समोरच येतो, आणि म्हणून लहान मुलांना होणाऱ्या चाव्यांत डोके, चेहरा आणि मान यांचे प्रमाण मोठ्यांच्या तुलनेत पुष्कळ जास्त असते. मुलाच्या मानेतील रक्तवाहिन्यांवर फारसे मांस नसते, अंगात एकूण रक्तच कमी असते, तान्ह्या बाळाची कवटी पुरती टणक झालेली नसते आणि अंगावर आलेल्या जनावराला ढकलून देण्याइतकी ताकद मुलात नसते. त्यामुळे ज्या चाव्याने मोठ्या माणसाच्या पोटरीवर चार व्रण राहिले असते, त्याच चाव्याने मुलाचा डोळा जाऊ शकतो किंवा जीवही जाऊ शकतो. त्यातच मूल घाबरले की पळते आणि ओरडते, आणि पळणाऱ्या, ओरडणाऱ्या लहान आकाराच्या मागे लागणे कुत्र्याच्या रक्तातच आहे. मोठा माणूस जागीच उभा राहू शकतो. मुलाला ते सुचत नाही आणि त्याबद्दल त्याला दोषही देता येत नाही.

कुत्रा सहसा सूचना न देता चावत नाही. तो आधी थिजतो, तोंड दुसरीकडे फिरवतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असे तिरके पाहतो, खायला काही नसताना ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, शेपूट ताठ करतो. इतके करूनही समोरचा दूर झाला नाही तर गुरगुरतो, दात दाखवतो आणि मग चावतो. शेपूट हलते आहे म्हणजे कुत्रा खूश आहे, हेही अर्धेच खरे आहे, कारण कंबरेसकट सैल हलणारी शेपूट वेगळी आणि ताठ उभी राहून टोकाशी थरथरणारी शेपूट वेगळी. ही भाषा लहान मुलांना येत नाही. इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठात लहान मुलांना कुत्र्यांच्या चित्रफिती दाखवून त्यांना काय वाटते ते विचारण्यात आले, तेव्हा दात विचकलेल्या कुत्र्याकडे पाहून अनेक मुलांनी तो हसतो आहे, खूश आहे, असे सांगितले. म्हणजे ज्या क्षणी मुलाने मागे सरकायला हवे, नेमक्या त्याच क्षणी ते हात पुढे करण्याची शक्यता असते.

मोठ्यांनाही ही भाषा फार येते असे नाही. आपल्याकडे ‘भुंकणारे कुत्रे चावत नाहीत’ ही म्हण माणसांच्या पोकळ धमक्यांसाठी ठीक आहे. कुत्र्यांच्या बाबतीत ती धोकादायक आहे. गुरगुरणे ही कुत्र्याची शेवटच्या पायऱ्यांवरची सूचना असते. पाहुण्यांसमोर कुत्रा गुरगुरला म्हणून त्याला फटका मारणारे मालक पुष्कळ दिसतात. अशा माराने कुत्र्याची भीती जात नाही. गुरगुरले की मार बसतो एवढेच तो शिकतो आणि पुढच्या वेळी ती पायरी गाळतो. मग ‘काही कारण नसताना अचानक चावला’ असे सांगितले जाते.

भारतात एकूण चाव्यांमध्ये भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा आहे, आणि त्यामुळे पाळीव कुत्र्यांपासून मुलांना असलेल्या धोक्याची चर्चा मागे पडते. पण लहान मुलांना चावणारा कुत्रा पुष्कळदा ओळखीचा, घरचा, शेजारचा किंवा नातेवाइकांकडचा असतो, आणि चावा घरातच, रोजच्या व्यवहारात होतो, असे अनेक देशांतील पाहणीत पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. कुत्रा खात असताना, झोपलेला असताना, कुत्री पिलांजवळ असताना, म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे दुखत असताना किंवा कुत्रा आखूड साखळीने बांधलेला असताना मूल त्याच्याजवळ जाते. साखळीने बांधलेल्या कुत्र्याला पळून जाण्याचा पर्याय नसतो, म्हणून तो दुसरा पर्याय निवडतो. गळ्यात हात टाकून तोंडाजवळ तोंड नेणे हे मुलाचे प्रेम असते. कुत्र्याला ती कोंडी वाटू शकते. बाळाला कुत्र्याच्या पाठीवर बसवून मोबाइलवर फोटो काढण्याची हौस तर आता इतकी वाढली आहे की, त्या फोटोंतील कुत्र्याचे मागे ओढलेले कान आणि तिरके डोळे कोणी पाहतही नाही.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत नियम एकच आहे आणि त्याला अपवाद नाही. कुत्रा कितीही जुना, कितीही शांत, कितीही लाडका असला, तरी जागे आणि लक्ष असलेले मोठे माणूस खोलीत नसताना बाळ आणि कुत्रा एकत्र असता कामा नयेत. दूध उतू जाते म्हणून स्वयंपाकघरात जायचे असेल, तर दोघांपैकी एकाला बरोबर न्यावे. पाळण्यातून येणारा चिरका आवाज आणि दुपट्यातली वळवळ कुत्र्याला माणसासारखी वाटेलच असे नाही.

मुलांमध्येही काही मुले अधिक असुरक्षित असतात, आणि त्यांचा विचार आपण जवळजवळ करतच नाही. ऐकू न येणाऱ्या मुलाला गुरगुरणे कळत नाही. चालताना कुबड्या किंवा चाकाची खुर्ची वापरणारे मूल बाजूला सरकू शकत नाही, आणि त्या साधनांच्या खडखडाटाने न सरावलेला कुत्रा बिथरतो. स्वमग्न मुलाच्या हातांच्या हालचाली किंवा अचानक काढलेले आवाज कुत्र्याला समजत नाहीत, तर काही मुलांना कुत्र्याच्या अंगाचा स्पर्श इतका आवडतो की ती त्याला सोडतच नाहीत. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला चावा झाला, तरी काय झाले ते नीट सांगता येत नाही. अशा मुलाच्या आईवडिलांना ‘जरा त्याला सांभाळा’ असे सांगणारा मालक सगळा भार चुकीच्या खांद्यावर टाकत असतो.

दुसरा गट गरिबीने असुरक्षित केलेल्या मुलांचा आहे. बीडकडून पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला येणारी कुटुंबे फडाजवळ कोप्या टाकून राहतात आणि आईवडील पहाटे तोडीला गेले की धाकटे भावंड थोरल्याच्या कडेवर असते. हे थोरलेही सात-आठ वर्षांचेच असते. वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवरही असेच चित्र असते. या मुलांना दार नसते, कुंपण नसते, शौचाला उघड्यावर जावे लागते, आणि आजूबाजूला वस्तीवरची, गोठ्यावरची राखणीची कुत्री रात्री मोकळी सोडलेली असतात. राखणीचा कुत्रा परक्यावर धावून जावा म्हणूनच पाळलेला असतो. पण परका कोण हे तो मालकाच्या हिशेबाने ठरवत नाही. शहरात मोलकरणीचे, वॉचमनचे किंवा माळ्याचे मूल याच जागी असते. ज्याच्या घरी आई कामाला आहे त्याच्याच कुत्र्याने मुलाला ओरबाडले, तर ती तक्रार करील का, हा प्रश्न विचारला की उत्तर आपोआप मिळते. अशा मुलांपैकी कित्येक जण चावा लपवतात, कारण घरी सांगितले तर ‘तू कशाला गेलास त्याच्याजवळ’ म्हणून आधी मार बसेल अशी त्यांना भीती असते. ही भीती जीवघेणी ठरू शकते, आणि तिचे कारण रेबीज आहे.

रेबीजचा विषाणू रोगी जनावराच्या लाळेतून जखमेत शिरतो आणि रक्तातून न पसरता नसांच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. तो मेंदूपर्यंत पोहोचायला साधारणपणे दोन ते तीन महिने लागतात. क्वचित आठवडाभरात किंवा वर्षभरानेही लक्षणे दिसू शकतात. पाण्याची भीती, वाऱ्याची भीती, गिळताना घशात येणारे पेटके अशी लक्षणे एकदा सुरू झाली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे रेबीजने मरतात आणि त्यांतील सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालील मुले असतात. माणसांतील ९९ टक्के रेबीज कुत्र्यांमुळे होतो. मुलाच्या बाबतीत पुन्हा उंचीचा प्रश्न येतो, कारण चेहऱ्यावरच्या किंवा डोक्यावरच्या जखमेपासून मेंदूपर्यंतचे अंतर अगदी थोडे असते आणि त्या भागात नसांचे जाळेही दाट असते. केरळमध्ये एप्रिल २०२५ मध्ये डोक्याला चावे झालेल्या पाच वर्षांच्या मुलीचा लस दिलेली असूनही मृत्यू झाला, तेव्हा लस खोटी होती का अशी कुजबुज सुरू झाली. डॉक्टरांनी मात्र डोक्यावरच्या खोल जखमांकडे बोट दाखवले. अशा जखमांत विषाणूला वाटचालीसाठी फार वेळ लागत नाही, आणि म्हणूनच पहिल्या तासाला एवढे महत्त्व आहे.

पहिल्या तासात करायची गोष्ट कोणत्याही घरात, कोणत्याही कोपीत करता येते. वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम पूर्ण १५ मिनिटे धुवायची. १५ मिनिटे म्हणजे घड्याळ लावून १५ मिनिटे. मूल रडत असताना ती फार लांब वाटतात, पण साबणाने या विषाणूचे बाहेरचे आवरण मोडते आणि पाण्याने तो वाहून जातो. त्यानंतर आयोडीनसारखे जंतुनाशक लावावे. मिरची, चुना, हळद, तेल, कॉफी यांपैकी काहीही जखमेत भरू नये आणि जखम घट्ट बांधू नये. कोणा भगताकडे उतरवायला नेण्यात गेलेला दिवस परत मिळत नाही. टाके शक्यतो लगेच घालत नाहीत. चेहऱ्याच्या मोठ्या जखमेत घालावेच लागले, तर आधी प्रतिपिंडांचे इंजेक्शन जखमेत देऊन मग सैल टाके घालतात.

या प्रतिपिंडांविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण गोंधळ नेमका इथेच होतो. लस शरीराला प्रतिकार करायला शिकवते, पण त्या शिक्षणाला एक-दोन आठवडे लागतात. तोपर्यंत जखमेतला विषाणू थोपवून धरायला तयार प्रतिपिंडे, म्हणजे रेबीज इम्युनोग्लोब्युलिन, थेट जखमेत आणि तिच्या कडेने टोचावी लागतात. दात कातडीच्या आरपार गेला असेल, रक्त आले असेल, फाटलेल्या कातडीवर किंवा डोळ्यात-तोंडात लाळ गेली असेल, तर ती जखम तिसऱ्या वर्गात मोडते आणि लस व प्रतिपिंडे दोन्ही आवश्यक ठरतात. रक्त न येता नुसते खरचटले असेल तर तो दुसरा वर्ग, आणि त्यात लस पुरते. धड कातडीला कुत्र्याने चाटले असेल तर उपचार लागत नाही. लशीचा डोस मुलाला आणि मोठ्याला सारखाच असतो. प्रतिपिंडांचा डोस मात्र वजनावर ठरतो. १२ किलोच्या मुलाच्या अंगावर सात-आठ जखमा असतील, तर वजनानुसार निघालेले थोडेसे औषध सगळ्या जखमांना पुरत नाही, म्हणून ते सलाइनमध्ये पातळ करून प्रत्येक जखमेत देतात. एखादी लहानशी जखम केसांत किंवा कानामागे राहून गेली तर तिथून विषाणूला वाट मिळते, तेव्हा मुलाचे सगळे अंग डोक्यापासून तपासायला डॉक्टरांना आवर्जून सांगावे. ही प्रतिपिंडे पूर्वी केवळ घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तातून काढत. आता प्रयोगशाळेत तयार केलेली प्रतिपिंडेही मिळतात आणि त्यांतील एक पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बाजारात आणलेले आहे.

लस सरकारी रुग्णालयांत बहुधा कातडीत दोन ठिकाणी देतात आणि ती, पहिल्या डोसचा दिवस ० धरून, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते. स्नायूत द्यायची असेल तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. स्नायूतली लस मोठ्यांना दंडात आणि बाळांना मांडीच्या पुढच्या बाजूला देतात, कमरेवर नाही. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात ही आजोबांच्या काळची गोष्ट आहे. मेंढीच्या मेंदूपासून केलेल्या त्या लशीचा वापर भारतात बंद होऊन दोन दशके झाली, पण तिच्या धास्तीने दवाखाना टाळणारी माणसे अजून भेटतात. धनुर्वाताचे इंजेक्शन वेगळे असते आणि त्याने रेबीज टळत नाही. घरात कुत्रा असलेल्या मुलांना चावा होण्याआधीच रेबीजची लस देऊन ठेवण्याचा पर्याय बालरोगतज्ज्ञ सांगतात. तशी लस झालेली असेल, तर पुढे चावा झाल्यावर दोनच डोस लागतात आणि प्रतिपिंडे लागत नाहीत. ज्याने कुत्रा आणला आहे त्याने हा खर्च कुत्र्याच्या खर्चातच धरावा, असे मला वाटते.

‘आमच्या कुत्र्याला सगळ्या लशी दिल्या आहेत’ हे ऐकून उपचार थांबवू नयेत. ते वाक्य दिलासा देते, पण लस कधी दिली, वेळेवर दिली का, ती शीतपेटीत राहिली होती का, हे चाव्याच्या क्षणी कोणालाच सांगता येत नाही. उपचार त्याच दिवशी सुरू करायचे आणि कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची. रेबीज झालेल्या कुत्र्याच्या लाळेत विषाणू आला की तो कुत्रा सहसा दहा दिवसांच्या आत आजारी पडतो किंवा मरतो. तो दहा दिवस ठणठणीत राहिला, तर पुढचे डोस द्यायचे की नाही हे डॉक्टर ठरवतात. इथे मालकाची गाठ थेट मुलाच्या जिवाशी पडते. कुत्रा लपवणे, गावी पाठवणे, रागाने मारून टाकणे किंवा ‘आमचा नव्हताच तो’ असे म्हणणे, यांमुळे ही नजर ठेवता येत नाही. कुत्र्याच्या लशीचे कार्ड काढून देणे, स्वतःचा फोन नंबर देणे, मुलाबरोबर रुग्णालयात जाणे आणि बिल भरणे, एवढे तर कोणी न सांगता व्हायला हवे. पिलू चावले तर काही होत नाही, हाही समज सोडावा. पिलालाही रेबीज होतो, आणि रस्त्यावरचे पिलू घरी उचलून आणणारी बहुधा मुलेच असतात.

आता कायदा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ असे सांगते की, आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभाव्य धोका असताना तो टाळण्यासाठी पुरेशी काळजी जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने न घेणे हा गुन्हा आहे, आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जुन्या दंड संहितेत हेच कलम २८९ होते आणि दंड एक हजाराचा होता. या कलमाची शब्दरचना नीट वाचली की एक गोष्ट लक्षात येते. त्यात चावा झालाच पाहिजे असे कुठेही म्हटलेले नाही. काळजी न घेणे हाच गुन्हा आहे. दुखापत झाली तर कलम १२५ लागू होऊ शकते, ज्यात गंभीर दुखापतीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि मृत्यू झाला तर निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूचे कलम १०६ आहे. कलम २९१ चा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना न्यायालयाच्या आदेशाची वाट न पाहता तो नोंदवून तपास करता येतो. उपचाराचा खर्च आणि नुकसानभरपाई यांसाठी दिवाणी दावा वेगळा लावता येतो, पण तो किती वर्षे चालेल हे वाचकांना सांगायची गरज नाही.

या तरतुदी कागदावरच्या आहेत असे समजू नये. वरळीतील एका इमारतीच्या लिफ्टमध्ये २०१८ मध्ये एका रहिवाशाला शेजाऱ्याच्या कुत्र्याने चावा घेतला, तेव्हा त्याच्याबरोबर त्याचे दीड वर्षाचे मूल होते. त्या प्रकरणात २०२५ मध्ये मुंबईतील न्यायालयाने कुत्र्याच्या मालकाला चार महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा सुनावली. जुलै २०२५ मध्ये मानखुर्दला रिक्षात बसलेल्या ११ वर्षांच्या मुलावर पिटबुल जातीचा कुत्रा धावून गेला आणि चावला. मूल ओरडत असताना मालक हसत होता, हे चित्रफितीत महाराष्ट्राने पाहिले, आणि गुन्हा नोंदवला गेला. गोव्यात हणजूण परिसरात ऑगस्ट २०२४ मध्ये पाळीव पिटबुलच्या हल्ल्यात सात वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला आणि मालकावर गुन्हा दाखल झाला. या तिन्ही घटना वेगवेगळ्या थरांतल्या घरांमधल्या आहेत, पण कुत्रा आवरला गेला नव्हता ही गोष्ट तिन्हींत सारखी आहे.

अशी घटना घडली की चर्चा कुत्र्याच्या जातीवर जाते. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये पिटबुल, रॉटवायलर यांसह २३ जातींवर बंदी घालण्याची सूचना राज्यांना केली होती. ती पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने रद्द केली. जातीचा संबंध नाही असे नाही. मोठ्या जबड्याचा, पकड न सोडणारा कुत्रा चावला तर नुकसान जास्त होते, आणि दोन खोल्यांच्या घरात, व्यायामाविना, केवळ दरारा दाखवण्यासाठी असा कुत्रा पाळणे हा मूर्खपणा आहे. पण जातीवर बोट ठेवल्याने बाकीचे मालक निर्धास्त होतात, हे मला अधिक घातक वाटते. लॅब्राडोर आणि पामेरियनही चावतात, गावठी कुत्रेही चावते, आणि तान्ह्या बाळासाठी लहान कुत्रासुद्धा मोठाच असतो.

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न वेगळ्या लेखाचा आहे, पण त्याची एक कड मालकाच्या जबाबदारीला लागून आहे. मुंबई, पुणे यांसारख्या महानगरपालिकांत कुत्रा पाळण्यासाठी परवाना लागतो आणि त्यासाठी रेबीजच्या लशीचा दाखला द्यावा लागतो; तरीही विनापरवाना कुत्री किती आहेत, हे आपल्याच गल्लीत फेरी मारली तरी कळेल. हौस फिटली की रस्त्यावर सोडून दिलेला कुत्रा आणि निर्बीजीकरण न केल्याने झालेली, कोणी न घेतलेली पिले ही भटक्या कुत्र्यांच्या संख्येत मालकांनी घातलेली भर आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार पाळीव कुत्र्याचे लसीकरण, जंतनिर्मूलन आणि निर्बीजीकरण यांची जबाबदारी मालकाची आहे. त्याच नियमांत रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून आणि इमारतीच्या प्रवेशद्वारापासून दूर असावी आणि वेळही मुलांच्या व वृद्धांच्या वर्दळीची नसावी, असे सांगितले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा नेमायला सांगितल्या, आणि ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारांतून भटकी कुत्री हलवून ती पुन्हा तिथे न सोडण्याचे निर्देश दिले. भूतदया करणाऱ्यांशी माझे भांडण नाही. बालवाडीच्या दारात पोळ्या टाकणाऱ्यांशी मात्र आहे. गोव्याचे उदाहरण इथे उपयोगी आहे. तिथे मिशन रेबीज या संस्थेने सरकारबरोबर वर्षानुवर्षे पाळीव आणि भटक्या अशा दोन्ही कुत्र्यांना घरोघर, गल्लोगल्ली फिरून लस दिली, शाळांमध्ये मुलांना कुत्र्यांशी कसे वागावे ते शिकवले, आणि २०२१ मध्ये तीन वर्षांत माणसाचा एकही रेबीजमृत्यू न झाल्याच्या आधारावर गोवा रेबीजनियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. कुत्रा कोणाचा, हा वाद न घालता आधी लस टोचली, हे त्या यशाचे साधे कारण आहे.

मालकाने रोज काय करावे, हे या सगळ्यातून निघते. घराबाहेर कुत्रा आखूड पट्ट्यावर असावा आणि पट्टा धरणारा हात कुत्र्याला आवरू शकेल असा असावा. चाळीस किलोचा कुत्रा दहा वर्षांच्या मुलाच्या हाती देऊन फिरायला पाठवणे म्हणजे दोघांनाही संकटात घालणे आहे. लिफ्टमध्ये मूल असेल तर कुत्रेवाल्याने पुढच्या फेरीची वाट पाहावी. सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, हे खरे आहे. पण या हक्काचा दाखला देत भरलेल्या लिफ्टमध्ये कुत्रा घुसवणारे लोकच पुढच्या सभेत बंदीचा ठराव आणवतात. जो कुत्रा पूर्वी एकदा कोणावर धावून गेला आहे, त्याच्या तोंडाला बाहेर पडताना जाळी असावी आणि त्याला वर्तनाची जाण असलेल्या पशुवैद्यकाला दाखवावे. काही विमा कंपन्यांच्या पाळीव प्राण्यांच्या पॉलिसीत तिसऱ्या व्यक्तीच्या इजेची भरपाईही असते. तिची चौकशी करून ठेवावी. घरी पाहुण्यांची मुले आली की कुत्रा दुसऱ्या खोलीत जावा, आणि ती त्याला शिक्षा वाटू नये म्हणून तिथे त्याचे अंथरूण आणि पाणी आधीपासून असावे.

राहता राहिले फाटक. ‘कुत्र्यापासून सावध राहा’ असा फलक लावला की आपले काम झाले, असे पुष्कळांना वाटते. चार वर्षांच्या मुलाला तो वाचता येत नाही, आणि वीटभट्टीवरच्या दहा वर्षांच्या मुलालाही कदाचित येणार नाही. उलट, कुत्र्यापासून धोका आहे हे मालकाला ठाऊक होते, असे त्याच फलकावरून उद्या न्यायालयात म्हणता येईल. आमच्या गल्लीतल्या एका फाटकाला उभे गज आहेत, आणि त्यांच्या फटीतून मोठ्या माणसाचा हात आत जात नाही, पण शाळेतून येणारी मुले आतल्या कुत्र्याला बिस्कीट द्यायला हात कोपरापर्यंत घालतात. मालकांना सांगितले, तेव्हा त्यांनी आधी अर्थातच तो काही करत नाही असेच उत्तर दिले. नंतर एका रविवारी वेल्डर आला आणि त्याने गजांच्या खालच्या तीन फुटांना बारीक जाळी मारून दिली. त्याला अर्धा दिवस लागला.